रिकामा काटा

मला पाहायला आलेल्या मंडळींनी पोह्यांच्या बशा हातात घेतल्या आणि त्यांतल्या सगळ्यात जाड माणसाने मला पहिलाच प्रश्न विचारला, "वजन किती हाय पोरी तुजं?"

बेंबळीतल्या आमच्या बैठकीत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, या सगळ्याची उत्तरं मी घोकून बसले होते. हा प्रश्न कुणीच सांगितला नव्हता. काकांचा चमचा तोंडाजवळ थांबला. मला राग आला, आणि राग आला की माझी जीभ माझ्या आधी बोलते. "तुमचं किती?" मी विचारलं.

"एकशे चार," ते अगदी मोकळेपणानं म्हणाले. "लपवाछपवी न्हाय आपली. आन् तुजं चव्वेचाळीस. एखांदा किलो हिकडं-तिकडं." मग ते इतक्या मोठ्यानं हसले की अंगणातली शेळी दावं ताणून उभी राहिली. "सासऱ्याला सवाल करती! लई झाक. आपल्याला पसंत हाय बगा!" ज्याचं लग्न व्हायचं होतं तो कोपऱ्यात बसून पोहे खात होता. त्याला कुणी विचारलंच नाही. माझं वजन खरंच चव्वेचाळीस होतं, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

ते माझे सासरे, मुरलीधरमामा. ढोकीच्या आसपासच्या गावांत सगळे त्यांना टनामामा म्हणत, आणि ते नाव त्यांना आवडायचंही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेली. उसानं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढायचा, त्याचं वजन व्हायचं. मग तोच ट्रॅक्टर ऊस उतरवून परत यायचा आणि रिकाम्याचं वजन व्हायचं. भरल्या काट्यातून रिकामा काटा वजा केला की राहील तो ऊस. एवढंच त्यांचं गणित, पण त्या गणितावर त्यांनी सगळं जग चालवलं. कुणी मोठेपणा सांगायला लागलं की मामा त्याला मध्येच थांबवत. "भरला काटा काय, आंदळ्याला बी दिसतोय. रिकामा काटा किती, त्ये सांग." समोरचा डोकं खाजवायचा. त्याला कळलंय की नाही, याची मामांना फिकीर नसे.

निवृत्तीनंतर त्यांनी पोती मोजायचा एक जुना काटा आणून ओसरीवर ठेवला. दारात आलेलं कुठलंही पोर ते बगलेत हात घालून उचलत, एकदा वरखाली करत, आकडा जाहीर करत आणि मग काट्यावर उभं करून ताळा घेत. आकडा जुळला तर ओसरी दणाणून जाई. चुकला तर चूक काट्याची. "धूळ बसलीया त्याच्याव," ते म्हणत आणि खांद्यावरच्या पंच्यानं काटा पुसत. मोठी माणसंही सुटत नसत. मी गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवते. एकदा आमचे मुख्याध्यापक काही कामानं घरी आले. मामांनी त्यांना उचललं नाही हे नशीब, पण पायांपासून डोक्यापर्यंत नजर फिरवून म्हणाले, "सर, चौऱ्याऐंशी. सांजचं जेवान कमी करा." सरांनी त्यानंतर आमच्या घरचा चहा कधी घेतला नाही.

सई झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सच्या आधी मामांनी वजन सांगितलं. पहिली दीड-दोन वर्षं पोरगी गुटगुटीत होती आणि मामा तिला खांद्यावर घेऊन सगळ्या आळीत मिरवत. मग ती आमच्या ताटातलं खायला लागली. आमचं घर पोळीचं. नोकरदाराच्या घरात दोन्ही वेळा गव्हाची पोळी हा मामांच्या पिढीला मान वाटायचा; भाकरी रानात न्यायची. शिवाय चहात बुडवून बिस्किट, सणाला गव्हाची खीर, आणि लाडानं कधीही शिरा. पोरगी खात होती आणि सुकत होती. हातपाय काटक्या, पोट तेवढं पुढं आलेलं, सारखे जुलाब, आणि चिडचिड इतकी की शेजारची मांजरसुद्धा आमच्या ओसरीवर येईना.

"प्वाट सुटलंय म्हंजी अंगी लागायलंय," मामा म्हणायचे, आणि शिऱ्याचा आणखी एक घास भरवायचे. काट्यावर मात्र काही लागत नव्हतं. चौथं वर्ष लागलं तरी सई अकरा किलोच्या पुढं सरकेना. त्याच वयाचा माझ्या नणंदेचा मुलगा दिवाळीला आला तो अठरा भरला. त्या दिवशी मामा काट्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "काय करतंय त्ये लेकरू तरी? आईच्या वळणाव गेलंय. बेंबळीचं हाडपेर! चिपाडागत मानसं."

मी दहावीला आनुवंशिकतेचा धडा शिकवते. आई आणि वडील दोघांकडून काय काय येतं, हे फळ्यावर काढून दाखवते. तरी ते वाक्य मला भाजलं. माझं माहेर बारीक आहेच. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, पन्नाशीच्या पुढं कधी गेले नाहीत, वजनानं. पण बारीक असणं वेगळं आणि पोर डोळ्यांदेखत विरघळणं वेगळं. "मामा, माझ्या हाडांचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी हिला सोलापूरला दाखवू." माझा आवाज चढला होता. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढायला सांगितली.

सोलापूरच्या डॉक्टर बाई उंच, शांत, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी सईचं पोट चाचपलं, पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला दिलं, आणि नंतर दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तोही तपासला. निदान झालं: सिलिॲक. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, ते सईच्या शरीराला चालत नाही. ते पोटात गेलं की तिचं स्वतःचं शरीरच आतड्याच्या आतल्या अस्तरावर चालून जातं आणि अस्तर झिजतं. मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. औषध एकच, गहू आणि जव आयुष्यभर बंद.

मामा खुर्चीच्या टोकावर बसले होते. "गहू बंद," ते हळूच म्हणाले. "आन् मंग खायाचं काय लेकरानं?"

"तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, भाज्या, दूध, अंडी. सगळं," डॉक्टर म्हणाल्या.

"ज्वारी?" मामा उठून उभे राहिले. "भाकरी चालती? रोज? दोन्ही टायमाला?"

"चालते की. चांगली आहे."

"अवो बाई, मंग त्याला आजार का म्हनतावं!" मामा इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेरच्या बाकावरचं तान्हं रडायला लागलं. "धाराशिव जिल्ह्यात जल्मलेल्या लेकराला ज्वारी खा म्हनून चिठ्ठी लिव्हून द्यायलाव! आमच्या रानात मालदांडी उभी हाय, मालदांडी!" त्यांनी डॉक्टर बाईंना तिथल्या तिथं पायलीभर ज्वारी पाठवायचं कबूल केलं. मी रडत होते आणि हसत होते. पोरीला काय झालंय ते कळलं होतं, आणि ते बरं होणार होतं. त्या खोलीतल्या आनंदाइतका आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

निघताना डॉक्टर म्हणाल्या की हा आजार होण्याची शक्यता रक्ताच्या नात्यातून येते, म्हणून आईवडिलांनी तपासून घ्यावं. मामांचे डोळे चमकले. "घ्या हिचं रगत. बेंबळीचं काय त्ये एकदा निगू द्या भाईर." मग स्वतःचीही बाही वर केली. "माजं बी घ्या. उगमापासनं पानी बगू."

डॉक्टर म्हणाल्या, आजोबांचं सहसा लागत नाही. तुम्हाला पोटाचा काही त्रास?

"त्रास कसला? जरा गॅस हाय. लगीन झाल्यापासनं."

"आन् रगत कमी हाय म्हनून दोनदा सांगितलंय की डाक्टरनी," माझ्या सासूबाई मागून बोलल्या. "गोळ्या खाऊनबी वाढंना. त्ये सांगा की." बाईंनी मामांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, घ्या यांचंही.

रिपोर्ट आले तेव्हा माझं काही नाही, नवऱ्याचं काही नाही, आणि एकशे चार किलोच्या टनामामांचं रक्त सईसारखंच. पुढं त्यांचीही दुर्बिणीची तपासणी झाली आणि पक्कं झालं. मामांना पटेचना. "काय तरी घोटाळा हाय. माज्याकडं बगा की! गव्हानं माजं काय वाकडं केलंय?"

बाई हसल्या. हा आजार असलेला माणूस वाळलेलाच असतो असं नाही, जाडही असतो, त्या म्हणाल्या. तुमचं रक्त कमी राहतं, पोट फुगतं, ते त्यानंच. तुमच्याकडून ते तुमच्या मुलात गेलं, त्याला आजार झाला नाही, आणि त्याच्याकडून नातीत आलं असावं. आईकडूनही थोडं आलं असेल, ते असं नक्की सांगता येत नाही. अनेकांच्या रक्तात हे असतं, आजार थोड्यांनाच होतो. यात दोष कुणाचाच नाही.

यातलं "असावं", "थोडं", "नक्की सांगता येत नाही" हे सगळं मामांनी बाहेरच्या बाहेर गाळून टाकलं. घरी न जाता त्यांनी गाडी सरळ बेंबळीला घ्यायला लावली. अप्पा अंगणात खाटेवर बसले होते. मामा गाडीतून उतरले ते दोन्ही हात जोडूनच. "पावनं, बियानं आमचं निगालं!" अप्पांना वाटलं सोयाबीनच्या बियाण्याबद्दल काही तक्रार घेऊन आलेत. ते म्हणाले, "उगवलं न्हाय का?" मग मामांनी खाटेवर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. आळीतली माणसं जमली, तरी आवाज बारीक केला नाही. "तुमच्या पोरीला म्या चार मानसांत बोल्लो. हाडपेर काडलं. आजार आमच्या घरचा, माज्याच अंगात बसलेला, आन् नाव बेंबळीचं. म्हनून चार मानसांतच सांगायलोय." अप्पा बोलणारे नव्हेत. त्यांनी आत वळून भाकरी टाकायला सांगितली. मामा दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी खाऊन उठले, आणि जाता जाता अप्पांना न विचारता त्यांचं वजन सांगून गेले. सासऱ्यानं सुनेच्या माहेरी जाऊन हात जोडलेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात जणू मोहीम सुरू झाली. गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली तर जात्यात राहिलेला गहू पिठात येतो, म्हणून मामांनी घरघंटी आणली आणि तिच्याजवळ गव्हाचा दाणा जरी दिसला तर घर डोक्यावर घेतलं. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे मी वेष्टनावर वाचून दाखवलं, तेव्हा ते डबी घेऊन किराणा दुकानात गेले आणि दुकानदाराला तासभर व्याख्यान दिलं. त्यात हिंगापेक्षा आतड्याचं अस्तर जास्त होतं. तवे, डबे, पोळपाट, सगळं बदललं. पोळीच्या घरात चूल भाकरीची झाली. सासूबाई म्हणत, "जल्मभर पोळी पोळी केलं ह्या मानसानं. आता बगा, भाकरीचा देव झालाय."

आणि सई फुलायला लागली! आधी जुलाब थांबले, मग हसू आलं, मग एक दिवस तिनं स्वतःहून दुसरी चतकोर मागितली. दर रविवारी सकाळी ओसरीवर वजन व्हायचं. आळीतल्या बायका हातातली कामं टाकून यायच्या. मामा तिला उचलायचे, डोळे मिटायचे, आकडा पुकारायचे, आणि काटा सरकला की असा जल्लोष व्हायचा की रस्त्यानं जाणारा ऊसतोडीचा ट्रॅक्टर थांबून विचारायचा, काय झालं म्हणून. मीसुद्धा, शाळेत शिस्तीची म्हणून ओळखली जाणारी बाई, पदर खोचून टाळ्या वाजवायचे.

अशाच एका रविवारी, भरात येऊन, मामा नवस बोलले. आमचं कुलदैवत सोनारीचा काळभैरव. "सई ईस किलोची झाली की भैरवापुढं गुळाची तुला करीन." वीस हा आकडा त्यांनी हवेतून आणला नव्हता. नणंदेचा मुलगा तेव्हा वीस भरला होता.

नवस बोलल्यावर काही महिने गेले आणि वजन अडलं. चौदाला येऊन काटा जणू गंजला. पोट पुन्हा थोडं फुगलं. मामा काटा पुसून पुसून दमले. आम्ही सोलापूर गाठलं. बाईंनी रक्त पाहिलं आणि म्हणाल्या, गहू कुठून तरी जातोय. थोडाच, पण जातोय.

मी घरातली एकेक गोष्ट आठवून सांगायला लागले. शाळा, वाढदिवस, शेजार. मामांनी सईला मांडीवर ओढून घेतलं. मग ते म्हणाले, "बाई, प्रसाद धरायचा का वो त्यात?"

नवसानंतर ते महिन्यातून एक-दोन रविवार सोनारीला जात होते. तिथं त्यांच्या भावकीतलं घर आहे. त्या घरून पुरणपोळीचा नैवेद्य देवाला दाखवायचा आणि उरलेला कागदात बांधून आणायचा. त्यातला नखाएवढा तुकडा सईला, नखाएवढा स्वतःला, आणि उरलेला फडताळात, रोज देवापुढं दिवा लावला की पुन्हा नखाएवढा. वजन लवकर वाढावं म्हणून. "द्येवापुढनं आलेल्याला गहू कसा म्हनायचा, असं वाटलं मला," ते म्हणाले. "प्रसादानं वाईट हुईल, हे मनातबी येऊ दिलं न्हाय म्या."

मला खूप राग यायला हवा होता. आला नाही. तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा हातातला पंचा पिळत बसला होता आणि ज्या पोरीचं वजन वाढावं म्हणून त्यानं हे केलं होतं ती त्याच्याच मांडीवर बसून त्याच्या मिशा ओढत होती. डॉक्टर बाईंनी शांतपणे विचारलं, "देवाला भाकरी चालणार नाही का?"

मामांनी मान वर केली. "चालती की! न चालाया काय झालं? मलिदा!" आणि आवाज पहिल्यासारखा झाला. ज्वारीची भाकरी कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा. पुढच्या खेपेपासून तोच नैवेद्य आमच्या घरून निघाला, आणि सोनारीच्या भावकीला मामांनी ग्लुटेनचा इतका पाढा ऐकवला की त्यांनीही गव्हाची पोती जरा लांब सरकवून ठेवली.

काटा पुन्हा हलायला लागला. सई पळायला लागली, भांडायला लागली, उंचीनं तर एकदम ताडकन वाढली. पुढच्या भेटीत बाईंनी रक्त पाहिलं, उंची-वजनाचा आलेख पाहिला आणि टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "अप्रतिम! पोट पूर्ण बरं झालंय हिचं." मी उडायचीच राहिले. मामांनी मात्र विचारलं, "पन सोळाच किलो हाय. ईस कवा हुईल?"

"होईल तेव्हा होईल. घाई का आहे?"

"त्याच वयाचा नातू माजा आता ईसाच्या वर गेलाय. हिला तूप वाडवू का? दुदात काय टाकू का?"

बाई थोड्या कडक झाल्या. अजिबात नको, म्हणाल्या. पोट बरं झालेल्या मुलाला कोंबून खाऊ घातलं तर पुढं वजन नको तितकं वाढतं. आतडं बरं झालं की मूल वजन धरतं. पण किती धरायचं, ते त्याच्या अंगाच्या ठेवणीवर असतं, आणि ती ठेवणही आईवडिलांकडूनच येते. आजार एका वाटेनं आला, ठेवण दुसऱ्या वाटेनं. ही आईच्या अंगाची आहे. तिच्या मापानं ती अगदी बरोबर आहे.

मामांनी मान डोलावली, पण परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर ओसरीवरच्या काट्यापाशी जाऊन बसले. त्यांचं दुःख मला कळत होतं. त्यांनी देवाला शब्द दिला होता, आणि देव आकडा विसरत नाही असं त्यांना वाटत होतं. वीस होईपर्यंत पोरगी बरी झाली असं म्हणायची त्यांची छाती होईना. मी चहा घेऊन गेले आणि शेजारी बसले.

"मामा, काट्यावर ट्रॅक्टर यायचे ते सगळे रिकामे सारखेच भरायचे?"

"छ्या! सारकं कसं? ट्रक येगळा, ट्रॅक्टर येगळा. बैलगाडीचा तर कायच हिसाब न्हाय. ज्येचा त्येचा रिकामा काटा येगळा."

"आणि बैलगाडी ट्रकाएवढी भरली नाही, म्हणून तुम्ही गाडीवानाला परत पाठवायचात? जा, अजून ऊस घालून आण म्हणून?"

मामांनी चहाची बशी तोंडाजवळ नेली होती. ती तशीच खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग अंगणात दोरीवर उड्या मारणाऱ्या सईकडे. उड्या कसल्या, तिचे पाय जमिनीला लागतच नव्हते. मग त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की चहा बशीतून उडाला. "मास्तरीनबाई! बैलगाडी हाय ती! आन् मी येडा तिच्यात ट्रक शोदतोय! अगं, पुरी भरलीया की गाडी! आनिक काय भरू तिच्यात?" ते उठले, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. "अगं ए, ऐकलंस का? तुलेची तयारी कर. येत्या रविवारी सोनारीला जायाचं!"

सासूबाई हातातली सुपली घेऊन बाहेर आल्या. "ईस झाली कुठं? द्येवाला आकडा सांगितलाय तुमी."

"द्येवाला रिकामा काटा ठावं हाय," मामा म्हणाले. "त्यानंच केलाय त्यो. मलाच ठावं नव्हता."

"आन् गूळ बोललाव न्हवं?"

"जिनं लेकरू उभं केलं, तिच्याबरूबर तोलू. ज्वारी. पासंगाला घालू तुजा गूळ."

मामा आता नाहीत. तुलेनंतर दोन वर्षांनी ऐन सुगीत, दुपारचं जेवून ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. भाकरी खाऊन त्यांचं रक्त सुधारलं होतं, गॅस गेला होता, वजनही थोडं उतरलं होतं, आणि त्याबद्दल ते तक्रार करायचे. काटा अजून ओसरीवर आहे. सई त्याच्यावर बसून अभ्यास करते, आणि शाळेतल्या कुणी तिला काडी म्हटलं की ती शांतपणे सांगते, "माजा रिकामा काटा येगळा हाय." माझ्या धड्यातली जनुकं मी आता फळ्यावर काढते तेव्हा शेवटी बैलगाडी काढते. पोरं हसतात, पण परीक्षेत उत्तर बरोबर लिहितात.

पण मामा आठवायचे तर मला तो सोनारीचा रविवारच आठवतो. देवळाच्या आवारात गर्दी, माकडं भिंतीवरून खाली वाकून बघत होती, आणि लोखंडी तागडीच्या एका पारड्यात हिरव्या परकरातली सई पाय दुमडून बसली होती. दुसऱ्या पारड्यात मामा स्वतःच्या रानातली ज्वारी ओंजळीनं घालत होते. पारडं हललं, उचललं, डगमगलं. सई श्वास रोखून बसली होती, आम्हीही. बेंबळीहून अप्पा आले होते. ते पुढं झाले आणि त्यांनी गुळाचा एक खडा ज्वारीवर ठेवला. दोन्ही पारडी सारखी झाली. ढोल वाजला, भंडारा उधळला, आणि गर्दीतून कुणीतरी ओळखीचं ओरडलं, "टनामामा, किती भरली हो नात?"

सगळे थांबले. उभ्या आयुष्यात मामांनी कुणाचा आकडा सांगायचा ठेवला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी सईला पारड्यातून उचललं, सवयीनं एकदा वरखाली केलं, डोळे मिटले.

"तिला पायजे तेवढी," ते म्हणाले, आणि तिला खांद्यावर घेऊन देवळात गेले.